मलूल झाडाला पाणी देण्याची घाई

कृषी किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन शेतावर सल्ला देण्याच्या कामात उतरणाऱ्यांना बाष्पोत्सर्जनाची व्याख्या सांगण्याची गरज नाही. मुळे पाणी वर ढकलतात हा समज मात्र पदवीनंतरही अनेकांच्या डोक्यातून जात नाही. डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी 1894 साली मांडल्याप्रमाणे पाणी मुख्यतः वरून ओढले जाते: बाष्पोत्सर्जनात पानातून बाष्प बाहेर पडते, जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ ताणला जातो आणि तो ताण थेट मुळांपर्यंत पोहोचतो. जलविभवाच्या, म्हणजे पाणी कुठून कुठे वाहील हे ठरवणाऱ्या मापाच्या, ऋण आकड्यांना घाबरू नका. वाफशावरच्या, म्हणजे जादा पाणी निचरून गेलेल्या जमिनीत सुमारे उणे 0.03 मेगापास्कल, तर निम्म्या आर्द्रतेच्या हवेत उणे 90 च्याही खाली, ही उतरंड एकदा लक्षात आली की ते आकडे अंगवळणी पडतात.

खरा सापळा पुढे आहे. झाड मलूल दिसले की जमीन कोरडी असणार, असे आपण गृहीत धरतो. माझीही सुरुवातीची उमेद याच गृहीतकाने खच्ची केली. विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचा आकस्मिक मर पाहा. पावसाचा मोठा खंड पडतो, मग जोराचा पाऊस होतो किंवा सढळ हाताने ओलीत दिले जाते आणि पात्या-बोंडांनी लगडलेली हिरवीगार झाडे पाहता पाहता माना टाकतात. पाय चिखलात रुततो आणि डोक्यावरचे पान मात्र लोंबलेले असते. भारी काळ्या जमिनीतील पोकळ्यांत पाणी भरल्याने तिथली हवा निघून जाते, प्राणवायूअभावी मुळांचे श्वसन मंदावते आणि त्यांच्या पेशीपटलांतील पाणी आत घेणारे प्रथिनांचे मार्ग मिटू लागतात. वर ऊन तापलेले असल्यामुळे पानांची ओढ चालूच राहते, पण खालून पुरवठा होत नाही. अशा वेळी आणखी पाणी द्यायला सांगणारा सल्लागार पीक मारतो, हे स्पष्टच सांगतो. चर काढून साचलेले पाणी बाहेर काढणे हा पहिला उपाय आहे, आणि तो वेळेत झाला तर बरीच झाडे सावरतात.

तुरीचा मर वरवर तसाच दिसतो, परंतु तिथे फ्युजेरियम बुरशी जलवाहिन्या कोंडते. खोड उभे चिरल्यास सालीखाली तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. कपाशीच्या आकस्मिक मरात त्या नसतात. एवढा फरक चाकूने कळत असताना मोबाईलवर पानाचा फोटो मागवून निदान करण्याची जी पद्धत रूढ होत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. नोट्स देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा हातात खुरपे देऊन मुळाशी बसवणारा मार्गदर्शक शोधा, मग तो कितीही तिरसट असो.

पहिल्या हंगामात निदान चुकेल या धास्तीने झोप उडते, हे मी जाणतो. पण निम्मा गोंधळ भरदुपारी शेत पाहिल्याने होतो. भोपळावर्गीय वेलींची पाने उन्हात लोंबतात आणि संध्याकाळी पूर्ववत होतात, त्यात आजार नाही. रात्री बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते आणि झाडाचे जलविभव मुळांभोवतीच्या मातीच्या जलविभवाजवळ येते. म्हणून सूर्योदयापूर्वी शेतात जा. त्या वेळीही पान लोंबलेलेच असेल, तर आधी माती उकरा, मग खोड चिरा आणि पाण्याविषयी त्यानंतरच बोला.