अमेरिकेत अँटेना की केबल : चित्र कशावर चांगलं?

एकाच टीव्हीवर दोन्ही जोडा: अँटेना टीव्हीच्या मागच्या गोल स्क्रूच्या जोडणीला, केबलचा बॉक्स एचडीएमआयला. दोन्ही इनपुटचा पिक्चर मोड सारखा ठेवा, नाहीतर तुलना फसते. मग एकच स्थानिक चॅनल लावून फुटबॉल बघा. कॅमेरा वेगानं फिरताना गवताकडे लक्ष द्या. पाती सुटी दिसतात की हिरवा लगदा होतो? फरक तिथेच कळतो.

बहुधा अँटेना जिंकतो. 6 मेगाहर्ट्झच्या एका प्रसारण वाहिनीत सेकंदाला सुमारे 19.4 मेगाबिट डेटा मावतो. केबलवाले जास्त चॅनल बसवण्यासाठी तोच सिग्नल अनेकदा पुन्हा दाबून लहान (कॉम्प्रेस) करतात, बारकावे तिथे जातात. पण स्टेशननेच मुख्य चॅनलसोबत चार-पाच उपचॅनल कोंबले असतील, तर अँटेनाचं चित्रही पुसट येतं. तो दोष अँटेनाचा नाही.

डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. सिग्नल अपुरा पडला की चित्र चौकोनांत फुटतं, थिजतं. आधी अँटेना टॉवरच्या दिशेच्या खिडकीत उंच लावा, धातूचा लेप असलेली काच टाळा. 7 ते 13 या प्रसारण वाहिन्यांसाठी व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या लहरी पकडणारा) अँटेना लागतो, चपटे पातळ अँटेना तिथे कमी पडतात. स्वस्त एलईडी दिवेही याच वाहिन्या बिघडवतात, म्हणून एकदा बंद करून पाहा. एक सिग्नल दोन टीव्हींना वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये सिग्नलचे सुमारे 3.5 डेसिबल जातात. टॉवर जवळ असेल तर सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर काढा, जादा सिग्नलनेही चित्र फुटतं. अँटेना हलवला की चॅनल पुन्हा स्कॅन करा.