स्क्रीनसेव्हरवरचा तो समुद्र कुठला, कसं शोधायचं

पीसी जरा वेळ सोडला की स्क्रीनवर कुठलातरी भारी समुद्र येतो आणि मग चर्चा सुरू, ह्यो खंयचो रे बाबा, एक म्हणतो आपला रत्नागिरीचा आरे-वारे, दुसरा म्हणतो गप रे, केरळ आसा ता. भांडायच्या आधी जरा माउस फिरवा. विंडोज ११ मध्ये स्पॉटलाइट, म्हणजे आपोआप नवनवे फोटो लावणारी सोय, चालू असेल तर डेस्कटॉपवर एक छोटा आयकॉन दिसतो, त्यावर माउस नेला की फोटोची माहिती येते आणि बऱ्याचदा जागेचं नावपण.

तसं काही नसेल तर मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, फक्त ट्यूबलाइटची चमक येऊ देऊ नका, आणि गूगल लेन्सला, म्हणजे फोटोवरून शोधणाऱ्या गूगलच्या सोयीला, द्या. पण अख्खा फोटो नको हां, नुसतं पाणी, वाळू आणि माड दाखवले तर उत्तर काहीही येतं. देऊळ, लाइटहाऊस, तटबंदी, होडी असं काहीतरी धरून क्रॉप करा.

आता लेन्सने नाव सांगितलं म्हणून लगेच खरं मानू नका, खरी मजा पुढे आहे. दगड बघा. तांबडा, भोकाभोकाचा जांभा असेल तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग असू शकतं, पण गोव्यातपण जांभा आहे आणि केरळात वर्कल्याला तर जांभ्याचे अख्खे कडे आहेत, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. सूर्य पाण्याला टेकलेला असेल तर आपल्याकडे ती संध्याकाळ, चेन्नईला मात्र पहाट, आणि फोटोत दोन्ही सारखंच दिसतं! पाण्यात किल्ला असेल तर काम सोपं. ओल्या वाळूतून माणसं किल्ल्याकडे चालत जातायत म्हणजे अलिबागचा कुलाबा असायची शक्यता जास्त, कारण ओहोटीला तिथे पायी जाता येतं, जंजिऱ्याला होडीशिवाय जमत नाही. तटाच्या आत माड डोकावतायत आणि तट वेडावाकडा वळत गेलाय तर मालवणचा सिंधुदुर्ग तपासा.

शेवटी मॅप्समध्ये सॅटेलाइट लावा आणि किनाऱ्याचा बाक, खाडीचं तोंड, डोंगराचं टोक फोटोशी जुळवा. आरे-वारेला दोन किनारे आणि मधल्या डोंगरावरून रस्ता, ते वरून लगेच कळतं. वाळू कमीजास्त दिसली तर घाबरू नका, भरती-ओहोटीने तेवढा फरक पडतोच. आणि सगळं जुळतंय पण उलटं, खाडी उजवीकडे हवी ती डावीकडे, तर फोटो आरशासारखा फिरवलेला असू शकतो, गॅलरीत फ्लिप करून परत लेन्सला द्या.