मानवशास्त्रात एम.ए. करताना: क्षेत्रकार्य आणि पुढच्या वाटा

मानवशास्त्राच्या एम.ए. किंवा एम.एस्सी.ला अनेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुणे विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अर्ज भरण्याआधी विभागातले प्राध्यापक कशावर काम करतात ते पाहा. शरीरमापन आणि आनुवंशिकतेत रस असेल, तर नातेसंबंध आणि धर्म शिकवणाऱ्या विभागात दोन वर्षं अवघड जातात.

पदवीचा खरा कस क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांमध्ये राहून माहिती गोळा करण्यात लागतो. गाव ठरवताना आधी तिथलं वर्षाचं चक्र समजून घ्या. रायगडच्या कातकरी वाड्यांवर डिसेंबरात गेलात तर कित्येक घरांना कुलूप दिसेल, कारण दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरचं स्थलांतर हाच विषय असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्याच दिवशी जमीन आणि उत्पन्न विचारू नका. लोक तुम्हाला सरकारी सर्वेक्षणवाले समजतात आणि उत्तरं त्या हिशेबाने देतात. सरपंचाच्या घरी उतरलात तर वाडीतली दुसरी बाजू तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही.

सुरुवात वंशावळीपासून करा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा. चूक होते ती ‘भाऊ’ या शब्दात: चुलत, मावस, आते, मामे सगळेच भाऊ. म्हणून दर वेळी ‘कुणाचा मुलगा?’ हे विचारा. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईला आग्रह करू नका, नाव शेजारणीकडून कळतं. टिपणं त्याच रात्री पूर्ण करा. ऐकलेलं आणि तुम्हाला वाटलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या टिपणात लोकांचे शब्द जाऊन तुमचेच उरतात, आणि प्रबंध तिथेच पोकळ होतो.

पुढे नेट-जेआरएफ (प्राध्यापकपदाची पात्रता आणि संशोधनवृत्ती यांची परीक्षा), पीएच.डी. आणि अध्यापन हा रुळलेला मार्ग. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं मुख्यालय कोलकात्यात आहे, एक प्रादेशिक केंद्र नागपुरात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा, पण सरकारी जागा मोजक्या निघतात. आरोग्य आणि वनहक्कांवर काम करणाऱ्या संस्थांना, शिवाय ग्राहकांच्या सवयी अभ्यासणाऱ्या कंपन्यांना वस्तीत बसून नीट ऐकणारी माणसं लागतात. तिथे मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर नावं झाकलेल्या टिपणांची दहा पानं न्या.

यूपीएससीत हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे. मात्र फक्त त्यासाठी एम.ए. करू नका, त्या तयारीला ही पदवी लागत नाही.