जास्वंदीच्या केसरापासून कथकच्या समेपर्यंत: नाशिकमध्ये कॅमेऱ्याचा रोजचा सराव

फूल जागचं हलत नाही आणि नाचणारी मुलगी थांबत नाही, असं आपण धरून चालतो. कॅमेरा हातात आला की उलटंच दिसतं. चार बोटांवरून टिपताना जास्वंदीचा देठ सारखा डोलतो, आणि कथक करणारी मुलगी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन लख्ख थांबते. दोन्हीकडे काम एकच आहे: तो थांबा ओळखायचा आणि त्याच्या किंचित आधी बोट तयार ठेवायचं. म्हणून हे दोन विषय वेगवेगळे न शिकता एकामागून एक शिकावेत, फुलापासून सुरुवात करून.

सामान फार लागत नाही. ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूबचा संच (साधारण १२, २० आणि ३६ मिमी) एवढ्यावर फुलांचं काम वर्षभर चालतं. ट्यूबमध्ये काच नसते, ती लेन्सला सेन्सरपासून (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागापासून) लांब नेते. ट्यूबच्या लांबीला फोकल लेंथने भागलं की किती जादा वाढ (मॅग्निफिकेशन) मिळेल ते कळतं. ३६ भागिले ५० म्हणजे ०.७२. त्यात लेन्सची स्वतःची थोडी वाढ मिळवली की फूल सेन्सरवर जवळजवळ मूळ आकाराचं उतरतं. ट्यूब घेताना आत धातूच्या पिना आहेत का ते बघा. बिनपिनांची ट्यूब स्वस्त पडते, पण तिच्यातून कॅमेऱ्याला लेन्समधलं प्रकाशाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही आणि बहुतेक फोटो वाया जातात.

फूल

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. नऊनंतर वारा सुटतो, ऊन कडक होतं आणि पाकळीवर पांढरे डाग पडायला लागतात.

सुरुवात अंगणातल्या जास्वंदीपासून करा. हे फूल शिकवतं भरपूर. तिचा केसरदांडा पाकळ्यांच्या पुढे चांगला दोन-तीन बोटं येतो, त्यामुळे समोरून फोटो काढला तर टोकावरचे पाच मखमली गोळे स्पष्ट येतात आणि मागची पाकळी पार धुरकट होते. कारण साधं आहे. मूळ आकाराच्या निम्म्याने टिपताना, एपीएस-सी (बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांतल्या लहान) सेन्सरवर, एफ/८ ला जेमतेम २ मिमी भाग स्पष्ट येतो, म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी. पूर्ण आकाराला तर ०.६ मिमीच. मग दांड्याच्या बाजूला बसा आणि सेन्सर दांड्याला समांतर धरा. आता खालच्या पिवळ्या परागकोशांपासून वरच्या लाल गोळ्यांपर्यंत सगळं एका पातळीत येतं, आणि पाकळी मागे नुसता रंग होऊन राहते.

अ‍ॅपर्चर आणखी बारीक करायचा मोह होतो. एफ/२२ वर (एफचा आकडा मोठा तितकं भोक बारीक) जाऊ नका. इतक्या जवळ एफ/८ चा परिणाम एफ/१२ ते एफ/१६ सारखा झालेला असतोच, त्यापुढे प्रकाश विवर्तनाने (बारीक भोकाच्या कडेला वळून) पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एफ/८ ते एफ/११ पुरे.

फोकस रिंगने साधायच्या भानगडीत पडू नका. रिंग एका जागी ठेवा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि अंगच मिलिमीटरभर पुढेमागे करा. हवा तो केसर स्पष्ट दिसायला लागला की पाच-सहा फोटोंची लड सोडा. त्यातला एक बरोबर निघतो. वाऱ्यासाठी जाड तारेच्या एका टोकाला कपड्याचा चिमटा बांधा, दुसरं टोक मातीत खोचा आणि फुलाच्या खाली देठ हलकेच धरा. तरीही झुळूक आली तर तिच्याशी झगडू नका. झुळूक गेल्यावर फूल दोन-तीन झोके घेतं आणि मग क्षणभर स्वस्थ होतं. तो क्षण मोजायची सवय लावा, पुढे रंगमंचापाशी हीच सवय कामाला येते.

लाल-केशरी फुलांची एक खोड सांगायलाच हवी. झेंडू, लाल गुलाब, जास्वंद यांचा साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि घरी आल्यावर पाकळी प्लास्टिकच्या तुकड्यासारखी सपाट निघते, शिरा गायब. लाल चॅनेल भरून वाहिलेलं असतं. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली की एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप (१ स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

उजेड मऊ करायला बटर पेपर भरतकामाच्या गोल चौकटीत ताणून बसवा आणि फूल व सूर्य यांच्यामध्ये धरा. सावलीच्या बाजूला पांढरा कार्डपेपर. एवढ्यात काम होतं.

गुलाबासाठी दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे जावं. तिथल्या पॉलिहाऊसमध्ये वारा नसतो आणि वरचा दुधी कागद ऊन आपोआप गाळतो, म्हणजे आयता स्टुडिओच. मालकाला आधी विचारा आणि फवारणी झालेल्या दिवशी आत जाऊ नका. आतल्या दमट हवेत काच धुकटते, म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पुसत बसलात तर ती पुन्हा पुन्हा धुकटेल. कळ्यांवर जाळीच्या टोप्या चढवलेल्या असतात, त्या काढायला सांगू नका. जाळीतून दाबून वर आलेली पाकळी हाच तिथला खरा फोटो आहे. आणि पाकळीला बोट लावू नका. दाबलेली जागा नंतर काळवंडते आणि शेतकऱ्याचा माल जातो.

पावसाळ्याच्या शेवटी अंजनेरीच्या पठारावर रानफुलं असतात. त्यातलं एक कंदीलफूल, सेरोपेजिया अंजनेरिका, या डोंगराच्याच नावाने ओळखलं जातं. इथे चिमटा, तार, पाण्याचा फवारा काही वापरायचं नाही. पायवाट सोडायची नाही, आडवं झोपायचं नाही. फोटो लांबूनच घ्या, नाहीतर राहू द्या.

मधला टप्पा: हात आणि उड्या

फुलावर महिनाभर हात बसला की फुलबाजारात जा. पंचवटीत गणेशवाडीला पहाटे गेलात तर झेंडूचे ढीग, शेवंती, मोगरा सगळं एका जागी मिळतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. विषय फूल नव्हे, हार ओवणाऱ्या मावशींची बोटं. शटरचा वेग १/६० सेकंद ठेवला तर बोटं पुसट येतात, १/२५० ला स्थिर. पण बघत राहा: फूल सुईत जातं, सरकतं, आणि दोरा ताणताना हात अर्धा क्षण थबकतो. तिथे दाबलं तर १/१२५ वरही बोट आणि दोरा दोन्ही स्पष्ट येतात. फोटोआधी विचारा, आणि गिऱ्हाइकाच्या आड येऊ नका. वर निळी ताडपत्री असेल तर पांढरी शेवंतीही निळी निघेल. पांढरा कागद त्याच उजेडात धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसण्याची सेटिंग) लावून घ्या.

रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याने भरलेले जुने हौद) हा वर्षातून एकदाच मिळणारा सराव. धप्पा मारणारा माणूस उडीच्या शिखरावर थांबल्यासारखा दिसतो, तिथे १/१००० वर दाबा. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी रबराने आवळून बांधा आणि तिथे लेन्स बदलू नका.

नृत्य

महाकवी कालिदास कलामंदिरात कार्यक्रम असेल तर आयोजकांची आणि गुरूंची परवानगी आधी घ्या, आणि जमलं तर रंगीत तालमीलाच जा. पोशाख, दिवे सगळं तेच असतं आणि हिंडायला मोकळीक मिळते. फ्लॅश अजिबात नको. चक्कर घेताना डोळ्यांवर फ्लॅश पडला तर तोल जातो, इजा होऊ शकते.

पहिल्या रांगेत बसू नका. तिथून रंगमंचाची कड पावलं खाते आणि हनुवटी खालून दिसते. पाचव्या ते आठव्या रांगेत, वाटेलगत बसा. ८५ मिमी एफ/१.८ किंवा ७०-२०० एफ/२.८ लेन्स भाड्याने मिळते. सुरुवात मॅन्युअलवर एफ/२.८, १/५००, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ने करा आणि चेहऱ्यावरचा उजेड बघून आयएसओ हलवा. ऑटोवर ठेवलंत तर मागचा काळा पडदा उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि चेहरा पांढराफटक निघतो.

फोटोत आडवे पट्टे आले तर दोष एलईडीचा आहे. आपल्या विजेवर साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, रंगमंचाचे एलईडी त्याहून कितीतरी वेगाने. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावला की हे पट्टे बऱ्याचदा येतात. मेकॅनिकल शटरवर या. खटका ऐकू येईल म्हणून तो तत्काराच्या (पायांच्या ठेक्याच्या) आवाजात दाबा, अभिनय चालू असताना हात आवरा.

आता समेचं. तीनताल १६ मात्रांचा, सम पहिल्या मात्रेवर. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची, आणि डोळ्यांनी बघून बोट दाबायलाही साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे मुद्रा दिसल्यावर दाबलंत तर ती मोडून गेलेली असते. ऐकून दाबायचं. नर्तकी तुकडा नाचण्याआधी बऱ्याचदा पढंत करते, म्हणजे त्याचे बोल तोंडाने म्हणते, तेव्हा कॅमेरा खाली ठेवा आणि बोल ऐका. तिहाईत तोच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ‘धा’ समेवर पडतो. दुसरी आवृत्ती संपताना फोकस चेहऱ्यावर धरून ठेवा, शेवटच्या ‘धा’च्या किंचित आधी लड सुरू करा. चार-पाच दिवस घरी तबल्याचा ठेका लावून नुसत्या बोटाने समेवर टिचकी मारा. कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

चक्करांसाठी दुसरा मार्ग. १/३० वर या, आयएसओ उतरवा, कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) घ्या. घेर फिरून पुसट होतो, पण मान शेवटी वळून सगळ्यांत आधी समोर येते, म्हणून चेहरा त्यातल्या त्यात स्पष्ट राहतो. वीसात एखादा फोटो साधतो, तेवढं गृहीत धरा.

चौकटीत पावलं आणि बोटांची टोकं दोन्ही राहू द्या. घुंगरांपाशी पाय कापलेला कथकचा फोटो कुणी ठेवत नाही. भरतनाट्यम असेल तर कॅमेरा नर्तकीच्या कमरेच्या उंचीला आणा, वरून टिपलेली अरैमंडी (गुडघे बाजूंना वाकवून घ्यायची मूळ बैठक) अर्धवट बसल्यासारखी दिसते.

घरी आल्यावर सातआठशेतून साठेक वेगळे काढा आणि कुठेही टाकण्याआधी गुरूंना दाखवा. तुम्हाला आवडलेल्या फोटोत मनगट अजून वळायचं बाकी असतं, किंवा नजर हाताच्या मागे राहिलेली असते. ते त्यांना एका नजरेत दिसतं. त्यांनी काढून टाकलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढच्या तालमीला जाताना तेवढे पुन्हा बघून जा.