भिजलेली हॅट कशी वाचवावी: पाऊस, धुकं आणि बर्फ यांतून बायकांची हॅट सांभाळण्याची रीत

साताऱ्यात बाई हॅट घेते ती उन्हासाठी, पण ती भिजल्याशिवाय राहत नाही. सप्टेंबरात कासला फुलं बघायला निघालं की यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत लख्ख ऊन असतं, पठारावर पाय ठेवला की धुकं येतं, आणि त्या धुक्यातूनच भुरभुर सुरू होते. छत्री तिथल्या वाऱ्यात उलटी होते. आमच्या जिल्ह्याचं हवामानच तसं आहे: महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माण-खटावात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एका दिवसाच्या प्रवासात हॅटला दोन्ही सोसावं लागतं.

बहिणींच्या, जावांच्या, मैत्रिणींच्या भिजलेल्या हॅट माझ्याकडे येतात आणि त्यासोबत ‘व्हिडिओत असं सांगितलं होतं’ हेही येतं. हेअर ड्रायर मारा, इस्त्री फिरवा, तांदळाच्या डब्यात ठेवा. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. ड्रायर आणि इस्त्रीने हॅट कायमची बिघडते. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही, विणीत तांदळाची पूड मात्र जाते आणि दमट हवेत त्या पुडीवरच बुरशी धरते. भिजण्याने हॅटचं जितकं नुकसान होतं, त्याच्या कितीतरी पट घाईघाईने वाळवल्याने होतं. म्हणून हा लेख बराचसा वाळवण्याबद्दलच आहे.

हॅट कशाची आहे ते आधी बघा

बाजारात ‘स्ट्रॉ हॅट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त हॅटपैकी बऱ्याचशा कागदाच्या असतात. कागदाची पट्टी पिळून दोरी करतात आणि ती विणतात. दिसायला ती थेट गवतासारखीच दिसते. ओळखायचं कसं? आतल्या बाजूला, कपाळाला टेकणाऱ्या पट्टीच्या खाली एखादं सुटं टोक सापडतंच. ते नखाने उलट दिशेने पिळून बघा. पीळ उलगडून पातळ, चपटी फीत निघाली तर तो कागद. गव्हाचं काड किंवा राफियाची, ताडाची, शिंदीची पाती असेल तर असा पीळ उलगडत नाही. फार तर उभा धागा निघतो. ही तपासणी दुकानातच करा. कागदाची हॅट पावसाळ्यात घराबाहेर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती माणच्या उन्हात भांगलणीला किंवा मेमधल्या लग्नाला ठीक.

फेल्ट, म्हणजे लोकर किंवा सशाचे केस दाबून केलेलं कापड, हाताला लगेच कळतं: वीण नाही, वर बारीक लव. सशाच्या केसांचं फेल्ट पावसात जास्त टिकतं, लोकरीचं लवकर ढिलं पडतं. आपले धनगर घोंगडी घेऊन पावसात उभे राहतात, मग लोकरीच्या हॅटला काय होतंय, असं मला नेहमी विचारतात. घोंगडीच्या लोकरीत मेंढीच्या अंगचा तेलकटपणा बराच शिल्लक असतो, त्यावरून पाणी ओघळतं. हॅटची लोकर धुऊन तो काढून टाकलेला असतो, आणि हॅटला आकार धरून ठेवायला लाखेसारखं ताठर द्रव्य लावलेलं असतं. ते ओलं झालं की काठ मऊ पडतो.

सुती हॅटची चिंता करू नका. धुवा, पिळू नका, हाताने आकार देऊन वाळवा.

पावसाआधी: खोळ आणि स्प्रे

पोरींच्या मोडक्या छत्र्या टाकून देऊ नका. लहान मुलांच्या छत्रीचं कापड हॅटची खोळ करायला उत्तम, कारण ते आधीच घुमटाच्या आकारात शिवलेलं असतं. काड्यांना धरणारे टाके ब्लेडने कापून कापड सोडवा. मध्यभागी, जिथे छत्रीचं टोक असतं, तिथे भोक राहतं. त्यावर रेनकोटच्या कापडाचा गोल तुकडा शिवा आणि सगळ्या शिवणींवर मेणबत्ती घासा, नाहीतर पाणी नेमकं तिथूनच झिरपतं. कडेला इलॅस्टिक ओवा.

माप घेताना फक्त काठाची रुंदी मोजू नका. टेप पुढच्या काठापासून घुमटावरून, म्हणजे डोक्यावर बसणाऱ्या फुगीर भागावरून, मागच्या काठापर्यंत न्या आणि त्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच वाढवा. तेवढं कापड काठाखाली वळलं पाहिजे. शिवायचा कंटाळा असेल तर अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चालते, फक्त अरुंद काठाच्या हॅटला. खोळ घडी करून पर्समध्ये मावते. ती हॅटवर कायम चढवून ठेवू नका, आत घाम साठतो.

पाणी ओघळून जाण्याचा स्प्रे चप्पल-बुटांच्या दुकानात मिळतो, सुएडच्या, म्हणजे लवदार चामड्याच्या, बुटांसाठी असतो तोच. कोरड्या हॅटवर, मोकळ्या हवेत, वीतभर अंतरावरून हलके दोन हात मारा. आधी आतल्या बाजूला डाग पडतो का बघा. भुरभुर तो अडवतो, सर अडवत नाही. त्याऐवजी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तेलावर धूळ बसते आणि तो डाग निघत नाही.

पावसात असताना

सर आली की खोळ चढवा. खोळ नसेल तर हॅट काढून ओढणीखाली किंवा जॅकेटच्या आत घ्या. डोकं धुऊन निघेल, हॅट राहील. गाडीत पुढच्या काचेखाली ओली हॅट ठेवू नका.

वाळवणं

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मला स्वतःला ही पायरी हाताला बसायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घरी आल्याबरोबर हॅट झटकू नका. हलकेच हलवून वरचं पाणी पाडा आणि जुन्या धुवट सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या तुकड्याने टिपा. टिपा म्हणजे दाबा आणि उचला. पुसलंत, तर फेल्टची लव उभी राहून गोळे होतात आणि गवताच्या हॅटची पाती सरकतात. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे विणीत अडकतात.

मग रिबीन. रंगीत रिबीन, विशेषतः लाल, जांभळी आणि काळी, ओली झाली की रंग सोडते आणि फिक्या हॅटवर पट्टा उमटतो. नुसती गाठ मारलेली असेल तर लगेच काढा. टाके घातलेले असतील तर तिच्याखाली कोरड्या कापडाची पट्टी सरकवा आणि ती ओली झाली की बदला. ही गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत झाली तरच उपयोग.

आता आतली पट्टी, कपाळाला टेकते ती. ती पूर्ण उलटून बाहेर काढा. तिच्यामागे पाणी साठतं, तिथे हवा पोचत नाही, आणि बुरशी सगळ्यात आधी तिथेच येते. वरून हॅट खडखडीत वाटते आणि आत मात्र वास धरतो. ज्या हॅट वासामुळे टाकून द्याव्या लागतात, त्यांतल्या बहुतेकींची ही पट्टी उलटलेलीच नसते.

यानंतर आकार. व्हिडिओत सांगतात की हॅट पातेल्यावर किंवा कुकरवर चढवून ठेवा. कृपा करून असं करू नका. पातेलं गोल असतं, माणसाचं डोकं गोल नसतं. बाईच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५८ सेंटीमीटर, पण पुढून मागे लांबी जास्त आणि कानाकडून कानाकडे रुंदी कमी. ओली हॅट पातेल्यावर वाळली की गोल होते. मग ती कपाळाला आणि मागे करकचून बसते आणि दोन्ही कानांजवळ फट राहते. त्या फटीत वारा शिरला की हॅट उडालीच. त्याऐवजी घुमटात जुन्या सुती कापडाचे बोळे भरा. पुढे आणि मागे जास्त भरा, बाजूंना कमी, आणि वरून तळव्याने चाचपून बघा की अंडाकृती आली आहे ना. वर्तमानपत्र भरू नका, शाई उतरते. दाबून दाबूनही भरू नका. ओली वीण ताणली जाते आणि हॅट एक माप मोठी होते. पहिल्या दिवशी दोन-तीनदा बोळे बदला, कारण आतलं पाणी तेच ओढून घेतात.

राहिला काठ. ओला काठ टेबलावर टेकला की हॅटचं सगळं वजन त्याच्यावर येतं आणि लाटा पडतात. त्या एकदा वाळल्या की काढायला फार त्रास. काठ अरुंद, चार बोटांचा असेल, तर डोक्याएवढ्या उभ्या डब्यावर कापडाची घडी ठेवून त्यावर बोळे भरलेली हॅट बसवा, म्हणजे काठ चारी बाजूंनी हवेत राहतो. रुंद काठाची उन्हाळी हॅट असेल तर हे चालत नाही, कारण ओला काठ स्वतःच्याच वजनाने खाली लोंबतो. तिला टेकू पाहिजे आणि खालून हवाही पाहिजे. त्यासाठी शाळू चाळायची मोठी चाळण उत्तम. चाळण पालथी घाला, जाळी वर आली पाहिजे. ती दोन विटांवर ठेवा, वर पातळ सुती कापड अंथरा आणि हॅट त्यावर सरळ ठेवा. काठ बोटांनी बाहेरच्या बाजूला सपाट करत एक फेरी मारा. जिथे वर उचललाय तिथे कापडात गुंडाळलेली वाटी ठेवा. दर दोन-तीन तासांनी येता-जाता हात फिरवा.

हॅट पंख्याच्या हवेत ठेवा, पण पंखा कमी वेगावर आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून. थेट झोत नको. ऊन नको, गॅसशेजारी नको, शेगडी नको, फ्रिजच्या मागची गरम जागाही नको. फेल्ट मुळात बनतंच उष्णता, ओलावा आणि दाब यांनी: लोकरीच्या केसांवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. ओल्या हॅटला पुन्हा उष्णता दिलीत की ते आणखी घट्ट अडकतात आणि हॅट आटते. आटलेली हॅट परत पहिल्यासारखी होणं अवघड. गवताची हॅट उष्णतेने फेल्टइतकी आटत नाही, पण तिचं पातं ठिसूळ होतं आणि घुमट व काठ जिथे जुळतात त्या वळणावर मोडतं.

साताऱ्यात जुलैत एक-दोन दिवस लागतात. पाचगणी-महाबळेश्वरात पंख्यावरही जास्त. तोवर ती घालू नका. अर्धवट ओली हॅट डोक्यावर चढवली की काठ हाताने ओढला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. वाळली का हे पट्टीच्या शिवणीवर ओठ टेकवून कळतं: गार लागलं तर अजून ओल आहे. बोटाला ही ओल समजत नाही.

इतकं करूनही काठाला लाट राहिलीच, तर वाफ द्या. चहाच्या भांड्यातून वाफ निघू लागली की वीतभर वरून फक्त लाटेची जागा काही सेकंद धरा, बाजूला घ्या, बोटांनी सपाट करा आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. हात भाजणार नाही इतकं अंतर ठेवा. कागदाच्या हॅटला वाफ देऊ नका, ती मऊ पडून बिघडते.

बर्फात

हिवाळ्यात इथून मनालीला, गुलमर्गला सहली जातात आणि बायका आपली उन्हाळी स्ट्रॉ हॅट फोटोसाठी नेतात. नेऊ नका. बर्फाला फेल्ट किंवा विणलेली लोकरीची टोपी हवी.

बर्फ पावसापेक्षा सोपा आहे, जर तो वितळायच्या आत काढला तर. कडक थंडीतला बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो आणि नुसता झाडला तरी जातो. तो पाणी होतो तुमच्या डोक्याच्या उबेने आणि खोलीतल्या हवेने. म्हणून हॉटेलच्या दाराबाहेरच हॅट काढा, मऊ ब्रशने लव ज्या बाजूला बसलेली आहे त्या बाजूने झाडा आणि मगच आत या. हातमोज्याने थोपटू नका, बर्फ लवेत दाबला जातो. शून्याच्या आसपास पडणारा ओला, जड बर्फ मात्र पाऊसच समजा आणि खोळ घाला.

काश्मीरमध्ये खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, असते आणि सगळ्यांचे मोजे-टोप्या तिच्याभोवती टांगतात. तुमची फेल्टची हॅट तिथे टांगू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. विणलेली टोपी भिजली असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवी पसरा. टांगली की लांबते.

पाऊस संपल्यावर

दसऱ्याच्या आवराआवरीत हॅट बाहेर काढा, सावलीत वारा द्या, ब्रश मारा. बुरशीचे ठिपके दिसले तर आधी हॅट पूर्ण कोरडी होऊ द्या आणि अंगणात नेऊन, नाकाला रुमाल बांधून झाडा. ओल्या फडक्याने पुसलं की ठिपका पसरतो.

ठेवताना घुमट खाली, काठ वर, सुती पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर नको आणि लोखंडी कपाटातही तळाशी नको, पावसाळ्यात त्या पत्र्याला घाम फुटतो. लोकरीला कसर लागते, म्हणून पिशवीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडी करून टाका आणि तो दर दोन-तीन महिन्यांनी बदला. डांबराच्या गोळ्या टाकायच्याच असतील तर त्या कापडात बांधून, हॅटला न टेकवता.