खानदेशच्या उन्हाळ्यात कामाचं टेबल कुठे मांडावं?

घरून काम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी खुर्ची आणायला निघतात. खुर्चीचं नंतर बघा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. दुपारी दोननंतर डोकं चालणार की नाही, हे टेबलाच्या जागेवरच ठरतं.

संध्याकाळी पाचला चारही भिंतींना तळहात लावून बघा. पश्चिमेची भिंत चटका देते. विटा दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खोलीत सोडतात. त्या भिंतीला टेबल नको, कपाट लावा. टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी घ्या, खिडकी डाव्या हाताला येईल असं (डावखुऱ्यांनी उजव्या). खिडकी पाठीशी असली तर स्क्रीनवर चकाकी येते, समोर असली तर डोळे दिपतात. मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, म्हणून या खिडकीतही सायंकाळी तिरपं ऊन शिरतं; पडदा हवाच. धाब्याच्या घरात मातीच्या जाड छतामुळे गारवा टिकतो, पण उजेड कमी, तिथे टेबलावर दिवा घ्या.

सगळ्यात जास्त चुका कूलरच्या होतात. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात अंग चिकचिकतं, कारण ओल्या हवेला बाहेर जायला वाटच नसते. कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडा. त्या फटीशी कागदाची पट्टी धरा: ती बाहेर ओढली गेली, तर हवा खेळते आहे. टेबल झोताच्या थेट समोर नको, बाजूला सहा-सात फुटांवर ठेवा. झोतातले कागद मऊ पडतात आणि प्रिंटरमध्ये अडकतात. सातबारा, करारनामे बंद पेटीतच बरे. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा पंखा पुरे.

टेबलाची उंची २८ ते ३० इंच, बैठक १७-१८ इंच. कोपर टेबलाच्या पातळीत आलं पाहिजे. त्यासाठी खुर्ची वर घेतल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा. लॅपटॉप पुस्तकांवर चढवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा जोडा.

गाळ्यातल्या छोट्या ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्याला दाराशी बसवतात, हे चुकतं. येणारा प्रत्येक जण त्यालाच विचारतो आणि बेरीज पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. दाराशी चौकशीचं टेबल ठेवा, हिशेबाचं आत, दाराकडे पाठ न करता.