कॉलरचं टी-शर्ट, बिनलेसचा बूट आणि एका शिंप्याचं माप

आमच्या घरी 'लोफर' ही शिवी होती. शाळा बुडवून बोरी नदीच्या पात्रात क्रिकेट खेळून घरी आलो की आई चुलीपुढूनच म्हणायची, "आला लोफर." त्यामुळे पहिल्यांदा एक पोरगा दुकानात येऊन म्हणाला, "काका, ही पॅन्ट लोफरवर घालायची आहे, उंची किती ठेवायची?" तेव्हा मला टेप हातात धरून हसू आवरेना. त्याचा लोफर म्हणजे बिनलेसचा, पाय सरकवून घालायचा बूट. आता तोच प्रश्न आठवड्यातून चारदा येतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

अमळनेरात माझं अल्टरचं दुकान आहे. २७ वर्षं झाली. आधी शर्ट-पॅन्ट शिवायचो, आता शिवणारे कमी आणि रेडिमेड आणून "जरा फिटिंग करून द्या" म्हणणारे जास्त. त्यात कॉलरची टी-शर्टं फार. पोलो म्हणणारा दहात एखादा, बाकी सगळे कॉलरचंच म्हणतात. आणि त्यातली निम्मी दुकानातून घेतानाच चुकलेली असतात.

शिंपी उंची कमी करतो, बाजूचा घेर आत घेतो, बाही आखूड करतो. तीरा मात्र दुरुस्त होत नाही. तीरा म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचं माप. तीरा कमी करायचा तर बाह्या उसवा, मुंढा (बाही बसते तो घेर) नव्याने कापा, बाही परत बसवा; एवढी मजुरी घेण्यापेक्षा मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, भाऊ, हे लहान भावाला दे आणि दुसरं घे. तेव्हा घेताना छातीचं माप नंतर बघा, आधी खांदा बघा. हात खाली सोडून आरशापुढे उभे राहा. खांद्याच्या टोकाला हाड लागतं, ते बोटाने चाचपा. बाहीची शिलाई त्या हाडावर बसली पाहिजे. बोटभर खाली गेली तर चालेल, दोन बोटं गेली तर ते माप तुमचं नाही. मग छाती XL असो की L.

खांदा जमला की बाकीचं पटकन होतं. बाही दंडाच्या मधोमध संपावी आणि तिच्यात एक बोट सहज फिरावं. पोटाजवळ दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरा. एकेका बाजूला दीड-दोन इंच आलं तर ठीक. उंची पुढून पॅन्टच्या चेनच्या मध्यापर्यंत. शेवटी दोन्ही हात वर करा. पोट दिसलं तर टी-शर्ट परत घडीत ठेवा. दुकानदार म्हणेल, "घातल्यावर सैल होतं." होत नाही. सुती विणलेलं कापड धुतल्यावर उंचीत आटतंच.

हे आटणं लोक फार विसरतात. नवं कोरं टी-शर्ट थेट माझ्याकडे आणतात, दोन इंच कापून घेतात आणि पंधरा दिवसांनी बेंबी झाकत परत येतात. दोनदा धुवा, मग आणा. आणि ज्याच्याकडे फ्लॅटलॉक मशीन (ताणली जाणारी शिलाई घालणारं) नाही त्याच्याकडे खालची दुमड घालायला देऊ नका. साध्या मशीनची सरळ शिलाई विणलेल्या कापडावर तग धरत नाही. डोक्यातून काढताना कापड ताणलं जातं, दोरा ताणत नाही आणि तटातटा तुटतो.

काही टी-शर्टांची मागची बाजू पुढच्यापेक्षा इंच-दीड इंच लांब असते. अशी टी-शर्टं घेऊन लोक येतात, "कटिंग चुकलंय, सरळ करा." चुकलेलं नसतं हो. रेने लाकोस्त नावाचा एक फ्रेंच टेनिसपटू होता. त्याच्या काळात टेनिस म्हणजे लांब बाह्यांचा, कडक कॉलरचा पांढरा शर्ट घालून खेळायचं. तो १९२६ला अमेरिकेतल्या स्पर्धेत आखूड बाह्यांचा, विणलेल्या मऊ कापडाचा शर्ट घालून उतरला आणि स्पर्धा जिंकलाही. त्याला 'मगर' म्हणायचे. पुढे १९३३मध्ये त्याने एका विणकाम कारखानदाराबरोबर तेच शर्ट विकायला काढले, छातीवर मगर लावून. वाकून, पळून खेळताना खोचलेला शर्ट मागून बाहेर येऊ नये म्हणून मागची बाजू लांब ठेवतात. म्हणजे असं टी-शर्ट खोचायचं. बाहेर सोडायचं असेल तर खालून सरळ असलेलं घ्या, माझ्याकडून लांब शेपूट कापून घेऊ नका. पोलो हे नाव घोड्यावरच्या खेळाचं. तो खेळ इंग्रजांनी मणिपुरी लोकांकडून उचलला आणि त्याचे खेळाडूही पुढे हेच शर्ट घालू लागले. आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बख्खळ येतात. विकले जातात, नाचवले जातात. पोलो खेळताना कोणी दिसलं नाही.

आता कापड. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत इथे पारा ४४-४५ला टेकतो. अशा उन्हात चमकणारं, हाताला गार लागणारं पॉलिस्टरचं टी-शर्ट घालून नदीच्या पात्रात अर्धा तास फिरा, पाठीला चिकटून बसेल. कॉलरच्या टी-शर्टचं खरं कापड पिके. जवळून पाहिलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक उठावाची वीण दिसते. ती उठावाची असल्यामुळे कापड अंगाला सगळीकडून टेकत नाही, मधून वारा फिरतो. लेबलवर 'शंभर टक्के कॉटन' छापलेलं असतं, पण बाजारातल्या ढिगातल्या मालावर काय वाटेल ते छापतात. माझी परीक्षा साधी आहे. आतल्या शिलाईतून नाही, कापडाच्या दुमडीतून एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. कागद जळाल्यासारखा वास आला, बोटाने चोळल्यावर राख उडाली, तर सूत. टोकाला आकसून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचाच असतो, त्याला जाळून कापडाला दोष देऊ नका. दुकानात काडी पेटवता येत नाही हेही खरं, म्हणून तिथे वजन विचारा. १८० ते २२० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, आपल्याकडे बरं. त्याखाली बनियन दिसतं, २४०च्या वर गेलं की थंडीपुरतं.

रंगाचं दोन वाक्यांत सांगतो. पहिलं नेव्ही ब्लू, दुसरं पांढरं, तिसरं बाटलीसारखं हिरवं किंवा मरून. फिकट राखी तर मे महिन्यात घेऊच नका, काखेतला घाम गल्लीच्या टोकावरून दिसतो.

वरचं एक बटण उघडं, फार तर दोन. आत बनियन घालायचं तर खोल गळ्याचं. कॉलरमधून पांढऱ्या बनियनचा गोल गळा डोकावला की सगळी मेहनत वाया. कॉलर विणलेली असते, ती वळते, टोकं वर येतात. त्याला कारण बहुतेक वेळा दोरीवरचा चिमटा. चिमटा कॉलरला लावून ओलं टी-शर्ट लोंबत ठेवलं की त्याच्या वजनाने कॉलर ओढली जाते. उलटं करून, मधोमध दोरीवर टाकून, सावलीत वाळवा. इस्त्री करताना कॉलर आधी, उलट बाजूने, टोकाकडून मधे. मधून टोकाकडे नेली की कापड टोकाशी गोळा होतं.

आमच्या गल्लीतल्या आप्पांना मुलाने पुण्याहून असं एक भारी टी-शर्ट पाठवलं. ते घेऊन आले, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "खिसा कोठे शे याले?" मी सांगितलं, याला खिसा नसतोच. विणलेल्या कापडाला खिसा लावून त्यात फोन, डायरी, पेन टाकलं की एक बाजू लोंबते आणि खांदासुद्धा ओढला जातो. आप्पांना पटलं नाही. तंबाखूची डबी ठेवायची कुठे? शेवटी आतून कापडी पट्टीचा आधार देऊन एक लहान खिसा लावून दिला. माझ्या मताने वाईट दिसतो. आप्पा खूश आहेत.

बुटांविषयी मला शिंपी म्हणून बोलायचा अधिकार कमी, पण ठेच लागलेला माणूस म्हणून जास्त. पाच वर्षांपूर्वी चांगले लोफर घेतले होते. "लग्नकार्याला घालू" म्हणून खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. भाच्याच्या लग्नात काढले. मांडवापर्यंत नीट गेलो. हळदीच्या नाचात मागे वळून पाहतो तर शेव सांडत गेल्यासारखा काळा भुगा. माझ्या बुटांचा सोल! अर्ध्या तासात टाचेखाली काही उरलं नाही, वरचं चामडं मात्र नवं करकरीत. जोडे शिवणाऱ्या दादांनी नंतर समजावलं: पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या हलक्या प्लास्टिकचा) सोल न वापरता कोंडून ठेवला की हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. म्हणून असे बूट महिन्यातून दोनदा तरी पायात घाला, ठेवायचे तर कापडी पिशवीत. किंवा सोल रबराचा, आणि शिवलेला घ्या. नुसता डिंकाने चिकटवलेला सोल उन्हात तापलेल्या डांबरावर सुटू लागतो. शिलाई खरी की नुसती दाखवायची, हे बुटात हात घालून कळतं: बऱ्याच शिवलेल्या लोफरांत आतल्या तळव्याच्या कडेने दोऱ्याची ओळ लागते. चामड्याचा सोल दिसायला देखणा, पण लग्नाच्या हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर घसरतो. घेतलाच तर आधी त्याच्या पुढच्या भागाला रबराची पातळ पट्टी लावून घ्या.

लोफरला लेस नाही, म्हणजे सैल झाला तर आवळायची सोय नाही. म्हणून घेताना तो घट्टच हवा. बोटं चेपणारा नको, पण पावलाचा वरचा उंचवटा धरून ठेवणारा. चामडं पंधरा-वीस दिवसांत पायाच्या आकाराने रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. आपले पाय चपलेत वाढलेले, पंजा पसरट. त्यामुळे निमुळत्या टोकाचे लोफर सोडून द्या. दुकानातल्या गालिच्यावर चालून काही कळत नाही, फरशीवर चाला, पायरी चढा. टाच किंचित उचलली गेली तर चालेल, प्रत्येक पावलाला फटफट वाजली तर नाही.

प्रकार तीन लक्षात ठेवले तरी पुरे. वर पट्टी आणि पट्टीत चीर असलेला तो पेनी लोफर. मूळ नॉर्वेतल्या खेडुतांच्या पायातला जोडा. अमेरिकेतल्या बास कंपनीने १९३६ला तो 'वीजन्स' नावाने आणला, नॉर्वेजियनवरूनच ते नाव. दुसरा, पट्टीवर घोड्याच्या लगामाची कडी असलेला, गुच्चीने १९५३ला काढलेला. तिसरा गोंड्यांचा. पहिला जोड घेणार असाल तर गडद तपकिरी पेनी. जीन्सवर, खाकीवर, निळ्या पॅन्टवर, सगळीकडे चालतो. लगामवाला आणि गोंडेवाला लग्नाचे. स्वेडचा, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याचा, मोह आवरा. आपली काळी माती पावसात पायाला गोळा होऊन चिकटते, स्वेडवरून ती जन्मात निघत नाही.

आपल्याकडे हा बूट चालायचं खरं कारण वेगळंच आहे. दिवसातून दहा वेळा आपण उंबऱ्याशी बूट काढतो. देऊळ, नातेवाइकाचं घर, बँकेतल्या साहेबांचं घर, सगळीकडे. लेस सोडत ओट्यावर वाकून बसण्यापेक्षा हा बरा. फक्त घालताना टाचेवर पाय देऊन चप्पल करू नका. आठ दिवसांत मागची बाजू मोडते. शूहॉर्न नसेल तर चमच्याचा दांडा लावा, मी तेच करतो. मोजे न दिसणारे घ्या, पण घ्या. बिनमोज्याचा पाय आणि मे महिना एकत्र आले की उंबऱ्याशी बूट काढल्यावर यजमान पंखा वाढवतात. आणि एकच जोड रोज नको. एक दिवस आड, आत वर्तमानपत्राचा बोळा.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. लोफरवर पॅन्टची उंची बुटाला जेमतेम टेकेल एवढी, खाली चुण्या अजिबात नकोत. मोहरी, म्हणजे पायाशी पॅन्टची आडवी रुंदी, सात ते साडेसात इंच. आठच्या वर गेली की बूट झाकला जातो आणि पैसे दिलेली वस्तू दिसत नाही.

डागांचं सांगून थांबतो. केळीच्या बागेत जाताना पांढरं टी-शर्ट घालू नका. चीक आधी दिसतही नाही, वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग धोब्याच्या बापाच्यानेही निघत नाही. लागल्या लागल्या धुतला तर आशा. हिवाळ्यात शेतात भरीत-पार्टीला गेलात आणि तेल सांडलं तर मात्र पाणी लावू नका. टेलरचा खडू किंवा टाल्कम पावडर जाड भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग साबण. खडू नसेल तर दुकानात या, तुकडे पडलेलेच असतात. त्याचे पैसे मी घेत नाही. न धुतलेलं नवं टी-शर्ट उंची कमी करायला आणलं तर मात्र परत पाठवीन.